भिंग त्याच्या हातात, जर्नल तिच्या

दहावीच्या वर्गाचा प्रात्यक्षिकाचा तास. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढायचं आहे. मुलं साठ आणि भिंगं बारा, म्हणजे पाच जणांचा एक गट. खिडकीबाहेरच्या झाडाची इवलीशी उलटी प्रतिमा पडद्यावर आणायची, भिंग पुढे-मागे करून ती ठसठशीत करायची आणि मोजपट्टीवर अंतर वाचायचं. गट मुलामुलींचा मिळून असेल तर कामांची वाटणी दोन मिनिटांत होऊन जाते. भिंग एका मुलाच्या हातात, पडदा दुसऱ्याच्या आणि ‘तुझं अक्षर छान आहे’ म्हणून वही एका मुलीकडे. बाईंनी किंवा सरांनी असं काही सांगितलेलं नसतं. कुणी भांडतही नाही. तास संपतो तेव्हा जर्नल सुबक लिहून तयार असतं आणि नाभीय अंतराची व्याख्या त्या मुलीला गटात सगळ्यांत चोख येते. प्रतिमा कुठे पुसट होते आणि कुठे एकदम लख्ख होते, हे मात्र तिच्या बोटांना कधी कळतच नाही.

परीक्षेत याचा पत्ता लागत नाही, कारण परीक्षेत मुली मागे नाहीतच. मार्च २०२४ च्या दहावीच्या परीक्षेत राज्यात मुलींचा निकाल ९७.२१ टक्के लागला, मुलांचा ९४.५६ टक्के. २०२५ मध्येही मुलीच पुढे होत्या. वर्तमानपत्रांत ‘यंदाही मुलींचीच बाजी’ हा मथळा दरवर्षी जणू जुळवूनच ठेवलेला असतो. तेव्हा ‘मुलींना गणित-विज्ञान जमत नाही’ हे वाक्य महाराष्ट्रात तरी गुणपत्रिका हातात धरून कुणाला म्हणता येणार नाही.

‘मुली विज्ञानाकडे जातच नाहीत’ हेही तितकंसं खरं नाही. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात विज्ञान शाखेत पदवी आणि त्यापुढचं शिक्षण घेणारे ५७.२ लाख विद्यार्थी होते. त्यात मुली २९.८ लाख, म्हणजे निम्म्याहून जास्त. अभियांत्रिकीत मात्र त्यांचा वाटा एक तृतीयांशाहूनही कमी आहे. आयआयटीत तर २०१६ च्या सुमारास मुली जेमतेम आठ टक्के होत्या. २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या, तेव्हा कुठे हे प्रमाण विसाच्या घरात पोचलं. खेड्यांकडे पाहिलं तर गळती आणखी आधी सुरू होते. ‘असर’च्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत अकरावी आणि त्यापुढे शिकणाऱ्या मुलांपैकी ३६.३ टक्के विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांत होते, मुलींपैकी २८.१ टक्के. त्याच पाहणीत मातृभाषेतला मजकूर वाचण्यात मुली पुढे होत्या आणि अंकगणितात मुलं.

मग मुली नेमक्या कुठे गळतात? बहुतेक वेळा एका फॉर्मवर. अकरावीला विषय निवडताना ‘पीसीएम की पीसीबी’ हा प्रश्न येतो आणि घरात चर्चा सुरू होते. ‘तिला बायोलॉजी घेऊ दे, डॉक्टर नाही झाली तर बीएस्सी-बीएड करेल.’ ‘मॅथ्स झेपेल का?’ हा प्रश्न मुलीला दहावीत गणितात नव्वद असले तरी विचारला जातो आणि मुलाला साठ असले तरी सहसा विचारला जात नाही. कुणी वाईट हेतूने बोलत नसतं, उलट काळजीपोटीच बोलतं. म्हणून तर त्याचा प्रतिवाद करणं अवघड जातं.

त्या दिवशी घडतं ते त्याआधीच्या दहा वर्षांचं फळ असतं. डेव्हिड चेंबर्स या अभ्यासकाने १९६६ ते १९७७ या काळात प्रामुख्याने कॅनडा आणि अमेरिकेतल्या ४,८०७ लहान मुलांना शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगितलं. त्यांतल्या फक्त २८ चित्रांत बाई होती आणि ती सगळी चित्रं मुलींनी काढलेली होती. पुढे पाच दशकांतल्या अशा ७८ अमेरिकी अभ्यासांचा एकत्र आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. परिस्थिती बरीच सुधारलेली दिसली, पण त्यात एक गोष्ट खटकणारी होती. सहा वर्षांच्या मुलींच्या चित्रांत सुमारे ७० टक्के शास्त्रज्ञ बायका होत्या, सोळा वर्षांच्या मुलींच्या चित्रांत सुमारे २५ टक्के. या दहा वर्षांत मुली जे शिकतात त्यात हेही असतं, अभ्यासक्रमात नसलं तरी.

घर यात कसा हातभार लावतं याचा एक नमुना अमेरिकेतल्या बालसंग्रहालयात टिपला गेला. आईवडील मुलांना घेऊन विज्ञानाची खेळणी बघत हिंडत होते आणि संशोधक त्यांचं बोलणं नोंदवत होते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असं दिसलं की मुलगा आणि मुलगी दोघंही सारख्याच उत्साहाने कळ फिरवत होती, पण ‘हे असं का होतं’ याचा खुलासा पालक मुलाला मुलीच्या तिप्पट वेळा करत होते. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात रविवारी एखाद्या उपकरणापाशी दहा मिनिटं उभं राहिलं तर आपल्याकडचा अंदाज ज्याचा त्याला घेता येईल. सोपा उपाय म्हणजे पालकांनी स्वतःकडेच कान देणं. प्रेशर कुकरची शिट्टी का होते, इन्व्हर्टरला पाणी का घालतात, ईएमआयमध्ये व्याज किती आणि मुद्दल किती, हे घरात कुणाला उलगडून सांगितलं जातं आणि कुणाला फक्त ‘गॅस बंद कर’ सांगितलं जातं?

शब्दांबद्दल थोडं विस्ताराने बोलायला हवं, कारण सगळ्यांत जास्त नुकसान त्यांच्यामुळे होतं आणि दुरुस्तीला पैसाही लागत नाही. पालकसभेत कान देऊन ऐकलं तर दोन ठरलेली वाक्यं ऐकू येतात. मुलाबद्दल : ‘डोकं आहे हो त्याला, फक्त अभ्यास करत नाही.’ मुलीबद्दल : ‘फार मेहनती आहे.’ दोन्ही कौतुकाचीच. पण पहिल्या वाक्यात मुलाच्या अपयशातही त्याची बुद्धी शाबूत राहते आणि दुसऱ्यात मुलीच्या यशातूनही बुद्धी वजा होते. दहावीपर्यंत याने फारसं बिघडत नाही. अकरावीत त्रिकोणमितीची सूत्रं अंगावर येतात, पहिल्या चाचणीत चाळीसपैकी चौदा मिळतात, तेव्हा हा हिशेब पुढे येतो. मुलगा म्हणतो, ‘अजून अभ्यास सुरूच केला नाही.’ मुलगी म्हणते, ‘एवढी मेहनत केली तरी जमलं नाही, म्हणजे मला येतच नाही.’ गुण दोघांना सारखेच पडलेत.

हा समज फार लवकर रुजतो. लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिम्पियन यांनी २०१७ मध्ये दाखवलं की पाच वर्षांच्या मुली ‘खूप, खूप हुशार’ माणूस म्हणून आपल्यासारख्याच कुणा बाईकडे बोट दाखवतात. सहा-सात वर्षांच्या झाल्या की हे प्रमाण घसरतं आणि ‘खूप हुशार मुलांसाठी’ असं सांगितलेल्या खेळातूनही त्या अंग काढून घेऊ लागतात.

तेव्हा कौतुक करताना माणसाला शिक्का मारण्यापेक्षा कामाकडे बोट दाखवलेलं बरं. ‘ही पायरी तुला कशी सुचली?’, ‘पुस्तकातल्यापेक्षा वेगळी रीत काढलीस’, ‘इथपर्यंत बरोबर आहे, चूक पुढे आहे.’ चौदा गुण मिळवलेल्या मुलीसमोर पेपर पसरून नेमकं कुठे अडलं ते शोधावं, लागलीच धीर देण्याच्या भरात ‘जाऊ दे, तुझं मराठी किती छान आहे’ असं म्हणू नये. हे सांत्वन फार महागात पडतं. थॉमा ब्रेदा आणि क्लोतिल्द नाप या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय परीक्षेतल्या लाखो विद्यार्थ्यांचे गुण तपासले, तेव्हा गणिताशी जोडलेल्या शिक्षणाकडे जाण्यातली मुलामुलींची तफावत बऱ्याच अंशी एका गोष्टीने समजावता आली : मुली वाचनात त्याहूनही चांगल्या असतात. समजा, एका मुलीला मराठीत ९५ आणि गणितात ८८ आहेत, तिच्या भावाला मराठीत ७० आणि गणितात ८४. सगळे म्हणणार, मुलगी भाषेची, मुलगा गणिताचा. गणितात जास्त गुण कुणाला, हे कुणी विचारत नाही. पालकांनी गुणपत्रिका वाचताना एका मुलाचे विषय एकमेकांशी ताडून पाहण्याआधी गणिताचा आकडा निव्वळ गणिताचा म्हणून बघावा.

आणखी एक वाक्य घराघरांत असतं, ‘माझंही गणित कच्चंच होतं.’ बहुतेक वेळा आई म्हणते, मुलीला बरं वाटावं म्हणून. शिकागोत सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पहिली-दुसरीच्या शिक्षिकांचा अभ्यास केला. ज्या बाईंना स्वतःला गणिताची धास्ती होती त्यांच्या वर्गातल्या मुली वर्षअखेरीला गणितात मागे पडल्या होत्या, मुलं नाही. धास्ती असणं हा काही गुन्हा नव्हे. ती वारशात द्यायची नाही एवढं पाहावं. आईने मुलीजवळ बसून ‘मला हे कधीच कळलं नव्हतं, तू मला समजावून सांग’ म्हटलं तरी वाक्याचा रोख बदलतो.

‘साचेबद्ध समजुतीची नुसती आठवण करून दिली तरी मुलींचे गणितातले गुण घसरतात’ असं सांगणारा एक प्रयोग १९९९ पासून भाषणांतून फार गाजला आहे. पुढे नेदरलँड्समध्ये दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर तो नीट आखणी करून केला, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. म्हणून परीक्षेआधी दोन मिनिटांचं प्रेरक भाषण द्या आणि गुण वाढवा, अशा जादूच्या कांडीवर शाळांनी विसंबू नये. रोजच्या तासाला काय होतं ते जास्त महत्त्वाचं.

रोजच्या तासाला बदल करणं शक्य आहे आणि ते फारसं खर्चिकही नाही. शिक्षक प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट सरासरी एक सेकंद बघतात, असं मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेला १९७० च्या दशकात आढळलं होतं. ती वाट तीन सेकंदांवर नेली की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. एका सेकंदात हात वर करतं ते चुकायला न भिणारं पोर, आणि आपल्याकडे चुकण्याची मुभा मुलग्यांना जरा सढळ हाताने मिळते. मनातल्या मनात तीन आकडे मोजावेत किंवा नावांच्या चिठ्ठ्या टाकून एक उचलावी. ‘कोण सांगेल?’ या प्रश्नाला रजा द्यावी.

पेपर तपासण्याचंही तसंच. इस्रायलमध्ये व्हिक्टर लावी आणि एडिथ सँड यांनी एकाच मुलांचे दोन प्रकारचे गुण शेजारी ठेवून पाहिले : वर्गशिक्षकांनी नाव दिसत असताना दिलेले आणि बाहेरच्या परीक्षकाने नाव न बघता दिलेले. प्राथमिक शाळेत ज्यांचे शिक्षक गणितात मुलांना झुकतं माप देत होते, त्या मुली पुढे वरच्या पातळीचं गणित कमी प्रमाणात निवडत होत्या. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसतंच. घटक चाचणीच्या पेपरावरही नुसता हजेरी क्रमांक मागच्या पानावर लिहायला लावला तर काही बिघडत नाही.

आणि प्रयोगशाळा. भिंतीवर एक तक्ता लावावा : भिंग, पडदा, मोजपट्टी, जर्नल, आवराआवर. दर प्रात्यक्षिकाला प्रत्येकाचं नाव एक घर पुढे सरकेल. सुरुवातीच्या एक-दोन तासांना गोंधळ होणार. मुलीच्या हातातलं भिंग थरथरणार, मुलाचं जर्नल वाचवणार नाही, आवराआवरीच्या वेळी कुणीतरी पाणी प्यायला गायब होणार. ते होऊ द्यावं. संगणक कक्षातही माऊस कुणाच्या हातात आणि शेजारी बसून ‘आता इथे क्लिक कर’ कोण म्हणतंय, हे मागे उभं राहून बघावं.

अभियांत्रिकीत आणि भूमितीत लागणारी एक क्षमता म्हणजे वस्तू मनातल्या मनात फिरवून बघणं. यात सरासरीने मुली मागे दिसतात, म्हणून ती जन्मजात उणीव आहे असं पुष्कळांना वाटतं. अमेरिकेत मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत शेरिल सॉर्बी यांनी १९९० च्या दशकात या क्षमतेच्या चाचणीत नापास झालेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी छोटासा सराव वर्ग काढला. वस्तू हाताळायच्या, कागदावर वेगवेगळ्या बाजूंनी काढायच्या, बस. चाचणीचे गुण वाढले, आणि वर्ग केलेल्या मुली अभियांत्रिकीत जास्त टिकल्या. मेकॅनोचा डबा वाढदिवसाला मुलालाच का, हा प्रश्न इथे विचारण्याजोगा आहे. गंमत म्हणजे आपल्याकडे हा सराव शेजारच्या शिलाईच्या दुकानात रोज चाललेला असतो. सपाट कापडावर ब्लाउज बेतताना मुंढा कुठे किती खोल घ्यायचा आणि टक्स कुठे घालायचे, हे ठरवणं म्हणजे त्रिमिती आकाराची घडण उलगडून बघणंच. भूमितीच्या बाईंनी एखाद्या तासाला जुना ब्लाउज उसवून आणला तर घनाच्या घडणीपेक्षा वर्ग जास्त जागा राहील. मात्र शिवणाचं काम मुलींनी आणि भूमिती मुलांनी अशी वाटणी पुन्हा व्हायला नको, कात्री सगळ्यांच्या हातात यावी.

आदर्श म्हणून कुणाच्या गोष्टी सांगायच्या? पुण्या-मुंबईच्या शाळांत कमला सोहोनींची तसबीर दिसते, पण गोष्ट पूर्ण सांगितली जात नाही. पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, म्हणजे दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी वरच्या क्रमांकाने मिळवून त्यांनी १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला, तेव्हा मुलगी म्हणून संचालक सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. त्या हटून बसल्या. प्रवेश मिळाला तो एक वर्ष चाचणी म्हणून, अपमानकारक अटींवर. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली, विज्ञान विषयात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. नोबेल विजेता शास्त्रज्ञसुद्धा या बाबतीत चुकू शकतो, हा भाग मुलांना अवश्य सांगावा. मूलकण भौतिकीतल्या रोहिणी गोडबोले पुण्यात मुलींच्या मराठी शाळेत शिकल्या, जिथे त्या काळी खालच्या वर्गांत विज्ञानाऐवजी गृहशास्त्र होतं. पुढे त्यांनी राम रामस्वामी यांच्यासह जवळपास शंभर भारतीय वैज्ञानिक स्त्रियांची ओळख करून देणारं ‘लीलावतीज डॉटर्स’ हे पुस्तक २००८ मध्ये संपादित केलं. शाळेच्या ग्रंथालयात ते असायला हरकत नाही. आणि गणितातलं फील्ड्स पदक २०१४ मध्ये मिळवणारी पहिली स्त्री, इराणची मरियम मिर्झाखानी. माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षी तिचं गणित यथातथाच होतं. शिक्षिकेला तिच्यात काही विशेष दिसलं नाही आणि तिचा रस उडाला. दुसऱ्या वर्षी वेगळ्या बाई आल्या.

पण मोठी नावं दूरची वाटतात. त्याच शाळेतून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली, आता बारावीला पीसीएम घेतलेली ताई तासभर येऊन ‘मला पहिल्या चाचणीत किती पडले होते’ हे सांगून गेली, तर आठवी-नववीच्या मुलींना त्याचा उपयोग तसबिरीपेक्षा जास्त होतो.

मुलग्यांचं काय, असं विचारणाऱ्यांचाही मुद्दा आहे. ‘मुलगा असून गणित येत नाही?’ हे वाक्य झेलत मोठी झालेली मुलं आवड नसताना अभियांत्रिकीला जातात आणि दुसऱ्या वर्षी एटीकेटीत अडकतात. नर्सिंग, आहारशास्त्र, बालशिक्षण हे शब्द त्यांच्यासमोर कुणी उच्चारतही नाही. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये आईबाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले, तेव्हा त्याची बातमी झाली होती. चित्रात बदललं ते घरात बदलायला वेळ लागतो, आणि त्याचा गणिताशी थेट संबंध आहे. केंद्राच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, ते करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. कठीण उदाहरण सुटायला सलग तासभर बैठक लागते. कुकर, पाहुण्यांचा चहा आणि धाकट्याचा गृहपाठ यांत तुकड्या-तुकड्याने मिळालेल्या साठ मिनिटांचा तो तास होत नाही. परीक्षेच्या महिन्यात नाही, वर्षभर हा तास मुलीच्या नावाने राखून ठेवावा. मोबाइलचंही तेच. ‘असर’च्या त्याच पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. गणिताचे व्हिडिओ सगळ्यांना फुकट आहेत, पण फोन दादाच्या खिशात असतो. आणि क्लासची बॅच रात्री साडेआठला सुटणार असेल तर क्लास बंद करण्याआधी चार पालकांनी मिळून बॅचची वेळ बदलून मागावी किंवा आळीपाळीने आणायला जावं.

राहिला तो अकरावीचा फॉर्म. गणित सोडण्याचे परिणाम त्या वेळी कुणी नीट मांडत नाही, म्हणून ते इथे. आर्किटेक्चरला बारावीचं गणित लागतं. अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांना, संख्याशास्त्राला आणि विमाशास्त्राला गणिताशिवाय दार उघडत नाही. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२१ पासून मुलींना खुली झाली आणि मे २०२५ मध्ये पहिल्या १७ मुली तिथून बाहेर पडल्या. तिच्या ९०० गुणांच्या लेखी परीक्षेत ३०० गुणांचा एक पेपर निव्वळ गणिताचा असतो, आणि नौदल वा हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतंच. ऑलिम्पियाडची हौस असेल तर आयओक्यूएम ही पहिली पायरी आठवीपासून देता येते. युरोपियन गर्ल्स मॅथेमॅटिकल ऑलिम्पियाड ही फक्त मुलींची स्पर्धा २०१२ मध्ये सुरू झाली, भारताचा संघ २०१५ पासून तिथे जातो आणि त्याची निवड मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रामार्फत होते. गावात शिकणाऱ्या नववी ते बारावीच्या मुलींसाठी केंद्र सरकारची ‘विज्ञान ज्योती’ योजना आहे. तिची चौकशी जवळच्या नवोदय विद्यालयात करावी.

डॉक्टर की इंजिनिअर हे मुलीचं पक्कं झालं नसेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवता येतात. पीसीएमबी घेतलेल्यांना एमएचटी-सीईटी दोन्ही गटांतून देता येते आणि नीटही. अभ्यासाचा भार वाढतो, हे खरं. पण सहा महिन्यांनी एखादा विषय बाजूला ठेवणं सोपं असतं, बारावीनंतर गणित नव्याने उचलणं फार कठीण. प्रवेशाच्या खिडकीपाशी लिपिकाला विचारायचे प्रश्न तीनच : या कॉलेजात गणित आणि जीवशास्त्र एकत्र घेता येतं का, त्या तुकडीचं वेळापत्रक किती वाजेपर्यंतचं आहे, आणि विषय बदलायची शेवटची तारीख कोणती. ते मुलीनेच विचारावेत, बाबांनी मागे उभं राहावं.